आतला मुंढा आटला : माझ्या फ्रोझन शोल्डरची दोन वर्षं

२०२२ च्या दिवाळीच्या आधीचा आठवडा, म्हणजे आमच्या धंद्यात जेवण पण उभ्यानंच, आणि एक वहिनी माप द्यायला आलेल्या. (मी सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, तेवीस वर्षं झाली.) वहिनी चांगल्या भरलेल्या अंगाच्या, त्यामुळं टेप पाठीमागून फिरवून पुढं आणायचा म्हणजे मला जरा वाकून दोन्ही हात लांब करावे लागतात. केले. डाव्या हाताला मागं टेपचं टोक सापडेना, टेप निसटला, आणि तो पडायच्या आत पकडावा म्हणून हात असा झटक्यानं गेला आणि जी कळ आली ना.. खांद्यापासून कोपरापर्यंत, डोळ्यापुढं काजवे, मी मटकन स्टुलावर बसले. वहिनीच घाबरल्या, पाणी आणा पाणी आणा. मिनिटभरानं कळ गेली, आणि अशी गेली की काही झालंच नव्हतं. मी हसून म्हणलं लचक भरली असेल हो, आणि माप घेतलं. आज कोणी विचारलं तुमचा खांदा कधीपासून दुखतोय तर मी ऑर्डरच्या वहीत त्या वहिनींचं पान काढते, तारीख तिथं आहे.

दिवाळी कशीबशी काढली. मग हळूहळू एकेक गोष्ट बंद होत गेली, आणि गंमत म्हणजे लक्षात यायचं नाही, कारण माणूस लगेच दुसरी वाट काढतो. अंबाडा घालायला डावा हात मागं जाईना, मी वेणी पुढं घेऊन घालायला लागले. ब्लाऊज घालताना आधी दुखरा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी, हे मला कोणी शिकवलं नाही, आपोआप आलं. मागच्या हुकांचे ब्लाऊज घालणं सोडलं. वरच्या फळीवरचे अस्तराचे गठ्ठे ह्यांना काढायला सांगायला लागले. पण रात्र.. रात्रीचं काही विचारू नका. डाव्या कुशीवर तर सोडाच, उजव्या कुशीवर झोपलं तरी डावा हात पुढं लोंबकळला की ठणका. दोन उशा मांडीवर घेऊन त्यावर हात ठेवून भिंतीला टेकून मी कित्येक रात्री बसून काढल्या. अडीच-तीनला जाग यायचीच. मग मशीनवर बसायचं, काज-बटण करत.

सल्ले काय कमी नव्हते. जाऊबाई म्हणाल्या कॅल्शियम कमी झालंय. शेजारच्या आजी म्हणाल्या वात आहे, निर्गुडीचा शेक घे. तो घेतला, बरं वाटायचं तेवढ्यापुरतं. ह्यांचं म्हणणं मशीन कमी कर. आणि जानेवारीत एका ओळखीच्या बाईनं जवळच्या गावात एक माणूस आहे, हाडं बसवतो, तिकडं नेलं. त्यानं हात लावून सांगितलं, खांदा उतरलाय. आणि माझा हात धरून कानापर्यंत वर ओढला, एकदम. मी किंचाळले म्हणजे बाहेर बसलेली माणसं आत आली. पुढच्या चार रात्री मी अंथरुणाला पाठ लावली नाही. त्या माणसाचा दोष किती आणि माझ्या अकलेचा किती ते जाऊ दे, पण तुमचा खांदा असा दुखत असेल आणि कोणी म्हणलं की एकदाच जोरात ओढून मोकळा करतो, तर उठून घरी या. एवढं मात्र मी कुणालाही सांगते.

फेब्रुवारीत मिरजेला गेले, हाडाच्या डॉक्टरांकडं. मला वाटलं एमआरआय सांगतील, दहा हजाराला फोडणी. त्यांनी आधी नुसतं सांगितलं, हात वर करा. केला, जेमतेम खांद्याएवढा, आणि तो पण सगळा खांदा कानाकडं उचलून. मग म्हणाले आता तुम्ही सैल सोडा, मी उचलतो. त्यांनी उचलला तरी बरोबर तिथंच अडला. मग कोपर कमरेला चिकटवून ठेवायला सांगितलं आणि मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवला, जसं आपण दार ढकलून उघडतो तसं. उजवा गेला छान. डावा दहा अंश गेला आणि थांबला. दारामागं कोणी पोतं ठेवल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा. स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटला असता तर तुम्हाला स्वतःला हात उचलता आला नसता पण मला उचलता आला असता, इथं दोघांनाही येत नाही म्हणजे स्नायू नाही अडवत, आतली पिशवी अडवतीये. एक्सरे काढला, तो स्वच्छ. हाड ठणठणीत.

मग एकदम विचारलं, शुगर कधी तपासली होती?

कधीच नाही. मला काय झालंय शुगर तपासायला. तपासली तर उपाशीपोटी १७२ आणि ती तीन महिन्यांची जी असते, एचबीएवनसी, ती ८.४. म्हणजे खांद्यासाठी गेले आणि डायबेटिस घेऊन आले. डॉक्टर म्हणाले असं बऱ्याचदा होतं, साधारण माणसांत फ्रोझन शोल्डर शंभरात दोन ते पाच जणांना होतो, डायबेटिसवाल्यांमध्ये त्याच्या कितीतरी पट, आणि तो जास्त चिवट पण असतो. वय चाळीस ते साठ, बायका जास्त. मी बावन्न. सगळ्या खणांत बरोबर टिक.

खांद्यात सुई दिली, स्टेरॉइडची. त्यांनी आधीच सांगितलं होतं की चार-आठ दिवस शुगर वर जाईल, घाबरू नका. गेलीच. पण त्या सुईनं रात्रीचा ठणका निम्म्यावर आला, मी पहिल्यांदा सलग पाच तास झोपले, ते मी कधी विसरणार नाही. आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

इथून पुढं खरी गोष्ट. फिजिओ म्हणजे एक पंचविशीतली पोरगी, मी पहिले दोन दिवस तिला डॉक्टर डॉक्टर म्हणलं, तिसऱ्या दिवशी अगं म्हणायला लागले आणि ती मला पहिल्यापासून काकूच म्हणायची. तिनं म्हणलं काकू तुमची कॅप्सूल आखडलीये. मी म्हणलं मी तर गोळ्याच खाते, कॅप्सूल कुठली? ती इतकी हसली. मग तिनं प्लॅस्टिकचा सांधा आणून दाखवला. खांद्याचं हाड म्हणजे बशीत ठेवलेला लाडू, बशी इतकी उथळ की लाडवाचा थोडासाच भाग तिच्यात टेकतो. म्हणून तर हात एवढा सगळीकडं फिरतो, अंगातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. पण मग लाडू घरंगळत का नाही? कारण त्या दोन्हीभोवती एक पिशवी शिवलेली असते, तीच कॅप्सूल. तिच्या बाहेरून चार स्नायूंचे टेंडन येऊन चिकटतात त्याला रोटेटर कफ म्हणतात (कफ म्हणजे खोकल्याचा नव्हे, आपला शर्टाचाच कफ, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं), आणि पुढून लिगामेंटच्या पट्ट्या, हाडाला हाड बांधणाऱ्या. आतून पातळ अस्तर, ते वंगणासारखं पाणी सोडतं. आणि ही पिशवी खाली काखेकडं मुद्दाम सैल असते, हात खाली असताना तिथं झोळ पडतो आणि हात वर केला की तो झोळ उलगडून ताणला जातो.

मी म्हणलं, अगं मग हा मुंढा आहे!

ज्यांना शिवणकाम माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लाऊजला जिथं बाही जोडतात तो गोल म्हणजे मुंढा. मुंढा घट्ट झाला की बाई हात वर करते तेव्हा हात एकटा वर जात नाही, सगळा ब्लाऊज कमरेपासून वर चढतो. आणि माझं अगदी तेच चाललं होतं, हात वर करायला गेले की सगळा खांदा, पाठीचं फावड्यासारखं हाड, सगळं बरोबर वर यायचं. गेली तेवीस वर्षं मी बायकांना सांगत आलीये की ताई मुंढ्यात जरा सैल ठेवू या, नाहीतर काखेत उसवतं. आणि माझाच आतला मुंढा आटला. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं ना, तसा. ती म्हणाली साध्या खांद्याच्या पिशवीत वीस-तीस मिली पाणी मावतं, गोठलेल्यात दहा पण मावत नाही. तो काखेतला झोळ आत एकमेकाला चिकटून जातो. आणि पुढच्या बाजूची एक लिगामेंटची पट्टी सगळ्यात जास्त जाड होते, म्हणून हात बाहेर फिरवणं सगळ्यात आधी जातं.

तेव्हापासून मला नादच लागला. आतलं हे कापड नक्की आहे काय? धाकट्या दिरांची पोरगी तेव्हा नववीत होती, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं, संयोजी ऊती. जोडणारी ऊती. त्याच यादीत हाड आहे, कूर्चा (कानात असतं ते मऊ हाड) आहे, चरबी आहे आणि रक्त पण आहे! रक्त कसं काय जोडतं म्हणून आम्ही दोघी वाद घालत बसलो. तर त्याचं असं आहे म्हणे की बाकीच्या ऊतींमध्ये पेशी एकमेकींना चिकटून दाटीवाटीनं असतात, आणि ह्या ऊतीत पेशी लांब लांब, मधे भरपूर दुसरा माल. त्या मालावरून प्रकार ठरतो. माल पातळ पाण्यासारखा असला की रक्त, त्यात कॅल्शियमचे क्षार बसले की हाड, घट्ट जेलीसारखा असला की कूर्चा, आणि धागेच धागे असले की टेंडन, लिगामेंट, कॅप्सूल, कातडीचा आतला थर. स्नायू आणि कातडी ह्यांच्यामध्ये पिंजलेल्या कापसासारखी सैल असते ती पण हीच, म्हणून तर मनगटावरची कातडी चिमटीत धरून हलवता येते. एकच कापडबाजार, खण ते घोंगडी सगळं एका छपराखाली.

आणि ऊती हा शब्द! आमच्याकडं एक संस्कृतच्या निवृत्त बाई शिवायला येतात, त्या म्हणाल्या अगं ऊत म्हणजे विणलेलं. ओतप्रोत म्हणतो ना आपण, ते ओत-प्रोत म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं. इंग्रजीतला टिश्यू शब्द सुद्धा फ्रेंच भाषेतल्या विणलेल्या कापडाच्या शब्दावरून आलाय. बिशा नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता, त्यानं १८०१ च्या सुमाराला शरीरातल्या एकवीस प्रकारच्या ऊती मोजल्या, मायक्रोस्कोप न वापरता, नुसतं फाडून, उकळून, वाळवून, हातानं चाचपून. मला हा माणूस फार आपला वाटला. कापड कसलंय ते आम्ही पण डोळ्यांपेक्षा बोटांनीच ओळखतो. बिचारा तिसाव्या वर्षीच गेला.

आता धागा. ह्या कापडातला मुख्य धागा म्हणजे कोलॅजन, आणि अंगातल्या सगळ्या प्रोटीनमधलं साधारण पाव ते तीस टक्के हेच असतं. ताणलं की परत येणारा दुसरा धागा असतो, इलास्टिन, म्हणजे आपलं इलास्टिकच. ह्या धाग्यांमध्ये खळ भरल्यासारखा पाणी धरून ठेवणारा एक बुळबुळीत पदार्थ असतो, त्यामुळं धागे एकमेकांवरून सरकतात. कोलॅजन तीन पदरी असतं. फिजिओनं कागदावर काढून दाखवलं, तीन पदर, प्रत्येक पदराला एकीकडं पीळ आणि तिन्हींना मिळून उलटा पीळ. त्या रात्री तीनला जाग आली तेव्हा मी सुती दोऱ्याच्या रिळाचं टोक घेतलं, सुईनं उकललं, दिव्याखाली धरलं.. तीन पदर निघाले. एकेक पदर उलगडायला बोटांत विरुद्ध बाजूला फिरवावा लागला. म्हणजे गिरणीवाले आणि देव दोघांनी एकच युक्ती केली. पीळ उलटसुलट असला की ओढल्यावर दोरा उकलत नाही, आणखी आवळतो. आणि ही तीन पदरांची रचना कोणी शोधली तर आपल्या मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था ह्यांनी, १९५४-५५ मध्ये, कांगारूच्या शेपटीतला टेंडन घेऊन त्याच्यावर एक्सरे मारून. मला हे आधी कोणी का सांगितलं नाही असं झालं, शाळेत तरी.

धागा एकच पण वीण वेगळी. टेंडनमध्ये सगळे धागे एका दिशेनं, नाडीसारखे, कारण ओढ एकाच बाजूनं असते. कॅप्सूलमध्ये धागे सगळीकडून आडवेतिडवे, कारण कुठल्या बाजूनं ताण येईल सांगता येत नाही. आणि हे धागे सरळ नसतात, बारीक लाटा असतात, थोडं ताणलं की आधी लाटा सरळ होतात, दुखत नाही काही नाही, पुढं खरा ताण लागतो. टेंडनचं म्हणाल तर चार टक्क्यांच्या आसपास ताणलं की आतले बारीक धागे तुटायला लागतात. चार टक्के म्हणजे काय हो, शंभर इंचात चार इंच! ते ऐकलं आणि मला तो हाड बसवणारा आठवला, घाम फुटला.

मग माझं काय झालं होतं? धागे विणणाऱ्या पेशी असतात, फायब्रोब्लास्ट, त्या म्हणजे कारागीर. एरवी शांतपणे रफू करत बसलेल्या असतात. फ्रोझन शोल्डरमध्ये पिशवीच्या आत सूज येते आणि ह्या पेशी एकदम वाढतात, अंदाधुंद धागा काढत सुटतात, शिवाय त्यातल्या काही स्वतःच आखडणाऱ्या होतात, म्हणजे कापड नुसतं जाड होत नाही, ओढून धरलं जातं. तळहाताच्या बोटांची वाकडी गाठ होते ना काहींना, त्यात पण असाच प्रकार असतो. मलमलीच्या जागी बकरम. कॉलरमध्ये घालतो ते. पण हे सुरू नक्की का होतं हे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले पुष्कळदा कारण सापडतच नाही, फ्रोझन शोल्डर हे नाव ज्यानं १९३४ मध्ये दिलं त्या कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जननंच लिहून ठेवलंय की ह्याची व्याख्या अवघड, उपचार अवघड आणि खुलासा पण अवघड. जपानमध्ये तर सरळ गोजूकाता म्हणतात, पन्नाशीचा खांदा. मला ते नाव जास्त आवडलं, उगाच गोठलेलं-बिठलेलं नाही.

साखरेचा संबंध मात्र कळला, आणि तो पण त्या फिजिओ पोरीनं चपलेवरून समजावला. म्हणाली काकू कोल्हापुरी चप्पल कशी बनते? आता आमच्या भागात हे काय सांगायला पाहिजे, म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवतात. तर कातडं म्हणजे कोलॅजनच, आणि त्या साली-हिरड्यातलं जे तुरट असतं ते कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकतं, म्हणून कच्चं कातडं कुजत नाही, ताठ होतं, वर्षानुवर्षं टिकतं. रक्तात साखर जास्त राहिली की ती पण कोलॅजनला चिकटते आणि पुढं धाग्याधाग्यांत असेच टाके पडतात. हळूहळू, कित्येक वर्षं. आणि कोलॅजन लवकर बदलत नाही, टाचेच्या मागच्या टेंडनच्या गाभ्यातलं तर सतराव्या वर्षाच्या आसपास जे बनून होतं ते पुढं जवळजवळ तेच राहतं, म्हणून बसलेले टाके बसलेलेच. तीन महिन्यांची शुगर मोजतात ती पण साखर चिकटण्याचीच मोजणी, फक्त रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती चिकटली त्याची, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून तीन महिन्यांचा हिशोब लागतो. हे ऐकून मी चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. डॉक्टरांनी रागावून जे झालं नसतं ते चपलेनं झालं.

व्यायाम म्हणाल तर दिसायला पोरखेळ. टेबलावर उजवा हात टेकून वाकायचं आणि डावा नुसता घड्याळाच्या लंबकासारखा सोडून द्यायचा. दाराला पुली लावून उजव्यानं ओढून डावा वर न्यायचा. पाठीमागं टॉवेल धरायचा. काठी दोन्ही हातांत धरून कोपरं कमरेला लावून बाहेर ढकलायचं, हा माझा सगळ्यात नावडता. आणि भिंतीवर बोटं चालवत वर चढायचं, मुंगीसारखं. जिथं अडेल तिथं वीस-तीस सेकंद थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं, झटका द्यायचा नाही. ह्या कापडाचा स्वभावच असा की हिसडा दिला तर अडून बसतं किंवा फाटतं, आणि थोडं वजन लावून धरून ठेवलं तर वेळानं सुतासुतानं सरकतं. ओल्या लोकरीचा स्वेटर आकारात आणतो तसं. सुरुवातीचे महिने, म्हणजे आतली सूज असते तेव्हा, फिजिओ मला जास्त ताणूच देत नव्हती, दुखणं रात्रभर राहिलं म्हणजे काल जास्त झालं, असा तिचा हिशोब.

मी काही तिचं सगळं ऐकलं असं नाही. एप्रिलमध्ये लग्नसराईच्या ऑर्डरी, मला घाई, एका दिवशी पुलीवर पंचवीसच्या जागी शंभर वेळा केलं. चार दिवस हात अंगाला बांधल्यासारखा. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

दुकानाच्या भिंतीवर मी शिवणकामाच्या खडूनं खुणा करायला लागले. बोटांचं टोक जिथं पोचेल तिथं रेघ, बाजूला तारीख, जमिनीपासून टेपनं इंच. मार्चात डावा हात ४९ इंच. उजवा ७५. एप्रिलच्या त्या उपद्व्यापानंतर ४८. मे, जून, जुलै.. ५१, ५१, ५२. हा मधला काळ सगळ्यात वाईट, दुखणं गेलेलं असतं आणि हात हलत नसतो, आणि लोकांना वाटतं की दुखत नाही म्हणजे बरं आहे. ह्याच टप्प्यात जाऊबाईंनी कोलॅजनच्या पावडरचा डबा आणला, दोन हजाराला. भाबडेपणानं आणला म्हणून मी काही बोलले नाही पण विचार करा, माझ्याकडं धागा जास्त झालाय, कमी नाही, आणि पोटात गेलेलं कोलॅजन काही अख्खं उठून खांद्याला जाऊन बसत नाही, इतर प्रोटीनसारखं त्याचे तुकडे होतात. धागा नीट बनायला व्हिटॅमिन सी मात्र लागतं, ते अजिबात मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात, दर्यावर्दी लोकांना होत असे तो स्कर्वी. पण त्याला आपला आवळा आहे की. डबा अजून कपाटात आहे.

ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले पिशवीत पाणी भरून बघू. सोनोग्राफी लावून सांध्यात सुई घालतात, भूल, स्टेरॉइड आणि सलाइन, आणि दाबानं पिशवी आतून फुगवतात. मी स्क्रीनकडं बघत होते, काळं-पांढरं, मला काही कळत नव्हतं. सुरुवातीला काही नाही, मग आत कोणीतरी फुगा फुगवतंय असं, मग असं दडपण की मी पाय घट्ट आवळले, मग डॉक्टरांच्या हातालाच कळलं बहुतेक, ते म्हणाले सैल झालं. मला पण आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. आवाज नाही आला. त्याच संध्याकाळी भिंतीवर हात गेला तो ५८. मी ह्यांना हाक मारून बोलावलं बघायला. सगळ्यांना ह्याचा एवढा उपयोग होत नाही असं फिजिओनं नंतर सांगितलं, आणि लगेच व्यायाम केला नाही तर परत चिकटतं, त्यामुळं पुढचे पंधरा दिवस तिनं मला रोज बोलावलं आणि एकदाही सुट्टी दिली नाही.

त्यानंतर मात्र रेघा चढायला लागल्या. ६१, ६३, दिवाळीला ६६. कधी महिनाभर तिथंच, कधी आठवड्यात एक इंच. शुगर पण खाली आली, एचबीएवनसी ६.९. २०२४ च्या संक्रांतीला मी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला, वाकडा झाला होता पण घातला. तिळगुळाचं ताट घेऊन आलेल्या बायकांना काय त्याचं, त्यांना नुसता अंबाडा दिसला. जूनमध्ये मागचा हुक लागला, मधला, वरचा नाही.

त्या वहिनी, टेपवाल्या, गेल्या दिवाळीला परत आल्या होत्या. माप घेतलं, टेप पाठीमागून फिरवला. त्यांची छाती दोन इंच वाढलीये आणि त्यांना वाटतं माझा टेप चुकीचा आहे.

फिजिओचं लग्न ठरलं. सहा ब्लाऊज माझ्याकडंच. मापाला उभी राहिली तेव्हा मी तिला हात वर करायला लावले, बाहेर फिरवायला लावले, दोन्ही, म्हणलं बघू तुझी कॅप्सूल. मुंढ्यात अर्धा इंच जास्तच सोडलाय.

भिंतीवर डाव्या हाताची शेवटची रेघ ७२ ला आहे, उजव्याची ७५. चार महिने झाले, ७२ च. काहींना दुसऱ्या खांद्याला पण होतं म्हणे, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी उजव्याची पण रेघ मारते, अजून तरी एकावर एक पडतीये.